महाराजांचा अधांतरी हात

पौष महिना होता. धुकं असं दाट पडलेलं की नांदगिरीचा किल्ला शोधून सापडेना, आणि गारठा असा की जुनी मोडलेली हाडं आपापल्या मालकांना हाका मारत होती. अशा दिवशी हैबतीच्या मालिशखान्यात लंगडणाऱ्यांची रीघ लागायची. त्या दिवशी मात्र खुद्द रणधवल महाराजच दारात उभे, मागे सगळा दरबार!

सहा महिन्यांपूर्वी महाराज घोड्यावरून पडले होते. हाड जुळलं, पण हैबतीनं कितीही चोळला तरी उजवा खांदा काही सुटेना. राजवैद्य भास्करशास्त्री म्हणाले, "ही मनाच्या ताणाची कामं!" झालं! महाराजांचा हुकूम सुटला, मालिशखान्यात येईल त्याचा ताण मोजा! मग शास्त्रीबुवांनी एक माप काढलं. रुग्ण घोंगडीवर आडवा झाला की त्याच्या उशाशी भालेकरी उभा राही आणि दरडावून विचारी, "मनाला काही ताण? बोल लवकर!" रुग्ण भाल्याच्या टोकाकडे बघे आणि म्हणे, "छे छे! आनंदीआनंद!"

"चारशे माणसं मोजली, ताण शून्य!" शास्त्रीबुवा मिशीतल्या मिशीत हसले. "महाराजांना विचारलं, तिथंही शून्यच. म्हणजे खोट या मालिशवाल्याच्या हातात आहे."

"ऐकलंस, हैबती?" महाराज गरजले. "कुणालाच ताण नाही, तरी खांदे आखडलेले!"

हैबतीनं हाताचं तेल धोतराला पुसलं. "सरकार, ताण तर आहे."

"आहे? मग मोजून दाखव! या डोळ्यांना दिसला पाहिजे! नाही दिसला, तर दिवस मावळायच्या आत बायकोपोरांसकट गाव सोडायचं!"

 चाळीस वर्षं माणसांची अंगं चोळलेला गडी हैबती. तोंड काहीही बोलो, अंग काय बोलतं ते त्याच्या तळव्याला कळायचं.

घोंगड्यांवर सात रुग्ण पडले होते, सातांच्या उशाशी सात भालेकरी. हैबती पहिल्यापाशी बसला. तो होता सखोबा कुंभार.

"सखोबा, दुखरा नको, धडका हात दे. हं, माझ्या तळव्यावर ठेव. आता सोड सैल. भार माझ्यावर."

"सोडला की!"

हैबतीनं आपला तळवा अलगद काढून घेतला. आणि काय सांगावं! सखोबाचा हात तिथंच, अधांतरी! दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. बघता बघता सात हात हवेत, आणि सातही जण शपथेवर सांगताहेत, "सोडलाय हो!"

"सरकार, या भालेकरी दादांना जरा धुक्यात फिरवून आणा."

भालेकरी दाराबाहेर गेले मात्र, थप! थप! थप! सातही हात घोंगडीवर पडले. सखोबा तर घोरायलाच लागला.

"हा बघा ताण, सरकार. भाल्याबरोबर आला, भाल्याबरोबर गेला!"

"योगायोग!" शास्त्रीबुवा ओरडले.

"मग तुमचा हात द्या की, शास्त्रीबुवा!"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"थांबा! आधी माझा!" महाराज घोंगडीवर आडवे झाले. हैबतीनं त्यांचा धडका डावा हात तळव्यावर घेतला.

"सोडा, सरकार."

"सोडला."

हैबतीनं तळवा काढला. हात जिथल्या तिथं! दरबारी एकमेकांकडे बघू लागले. एकजण हुशारीनं ओरडला, "वा! महाराज आशीर्वाद देताहेत!" आणि सगळ्यांनी वाकून मुजरे केले.

महाराजांनी मान वळवून आपल्याच हाताकडे पाहिलं. "हा खाली का येत नाही? इथं तर एकही भालेकरी नाही!"

 हैबतीनं हात जोडले.

"सरकार, या सातांच्या उशाशी भालेकरी होता, त्याला बाहेर पाठवता आलं. तुमच्या उशाशी अष्टौप्रहर खुद्द महाराज उभे असतात. त्यांना बाहेर काढायची माझी छाती नाही!"

 महाराजांच्या पोटातून जे हसू उसळलं, ते थांबेचना! हसता हसता डावा हात थपकन खाली आला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा उजवा खांदाही गदगदा हलला.

भालेकऱ्यांना मालिशखाना बंद झाला. हैबतीला भरजरी शेला आणि दुभती म्हैस मिळाली. शास्त्रीबुवांना महिनाभर रोज सकाळी घोंगडीवर आडवं व्हायची शिक्षा झाली.

हैबती म्हैस घेऊन घरी आला, तर शेजारची गोदाक्का कमरेवर हात ठेवून अंगणात उभीच. म्हणाली, "हैबती, उद्या आमच्या सुनेचा ताण तेवढा मोज रे. मी उशाशीच उभी राहते, म्हणजे लबाडी करायची नाही ती!"