पांढऱ्या दगडाचं शून्य

डोंगराच्या पोटात सोनं आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथून खणून काढलेले दगड तपासणीला रांगेत बसले होते. तपासनीस कुमुदताईंनी त्यांच्यात नदीतला एक पांढरा दगड मुद्दाम ठेवला.

"तुझ्यात कणभर सोनं नाही. तुझं इथं काय काम?" शेजारचा पिवळा दगड म्हणाला.

भरडयंत्रानं प्रत्येकाच्या तुकड्याची भुकटी केली. तपासात पांढऱ्यातही सोनं निघालं. पिवळा म्हणाला, "अरे, तू तर आमच्यातलाच."

"नाही," पांढरा म्हणाला. "ताई, यंत्र पुसलेलं नव्हतं. याचीच भुकटी मला लागली."

कुमुदताईंनी यंत्र घासूनपुसून घेतलं आणि दगडांचे उरलेले तुकडे भरडून पुन्हा तपासले. पांढऱ्यापुढे शून्य आलं, तेव्हा कुठे त्यांनी पिवळ्याच्या सोन्यावर सही केली.

पिवळा म्हणाला, "पुढच्या खेपेलाही माझ्या शेजारीच बस."