निळ्या मण्यांचा खजिना आणि भिवराबाईचा विडा

एका राज्यात सगळं बरं होतं. म्हणजे तसं म्हणायची तिथे रीत होती. वाटेत कोणी विचारलं, "काय, कसं काय?" की समोरच्यानं म्हणायचं, "बरं आहे." दाढ ठणकत असो, घर गळत असो, घरातलं माणूस गेलेलं असो, उत्तर एकच. आपलं रडगाणं दुसऱ्याला ऐकवणं हा तिथे मोठा गावंढळपणा समजत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आया आपल्या लेकरांना पाळण्यातच शिकवत.

आणि त्या राज्यात ही म्हण अगदी खरी होती. राजाच्या पणजोबांनी गुंगनाथ नावाच्या मांत्रिकाकडून वर मागून घेतला होता, की आमचा खजिना कधी रिता होऊ नये. गुंगनाथ म्हणाला, "तथास्तु. तुझ्या राज्यातलं माणूस पोटात दुःख ठेवून ओठांनी बरं आहे म्हणेल, तेव्हा खजिन्यात एक निळा मणी पडेल." पणजोबा हरखले. या वराला दुसरी बाजू आहे का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. राजे लोक घाईत असतात.

या घराण्याचा आत्ताचा राजा भद्रवर्मा. माणूस प्रेमळ, पण मनातलं मनात ठेवणारा. राणी लवकर गेली, तेव्हा त्यानं आपली लेक कमलजा हिला स्वतःच्या हातानं भरवून वाढवलं. परवाच तिचं लग्न झालं. स्थळ उत्तम, जावई गुणी, सासर सात डोंगरांपलीकडे. आता यात रडण्यासारखं काय आहे, असं राजानं स्वतःला विचारलं आणि तो रडला नाही. फक्त तिची साळुंकी त्यानं आपल्या महालातून हलवली. कारण ती जेवणवेळेला हुबेहूब कमलजेच्या आवाजात विचारायची, "आबा, जेवलात का?"

साळुंकी गेली भिवराबाईच्या ओसरीवर. ही भिवराबाई राजाची विडे लावणारी. साठी ओलांडलेली, चणीनं लहान, तोंडानं फटकळ. भद्रवर्मा पाच वर्षांचा असताना तिच्या डब्यातला गुलकंद चोरून खायचा आणि ती पाहून न पाहिल्यासारखं करायची. चाळीस वर्षांत तिच्या हातचा एक विडा कधी सुटला नाही की सुकला नाही. साळुंकीला मात्र तिच्याकडे आल्यापासून एक नवी खोड लागली होती. तिचे कान असे तिखट, की कोसावरच्या खजिन्यात मणी पडला तरी तिला ऐकू येई. मग ती मान वाकडी करून म्हणे, "टप्."

एके दिवशी परदेशचा वकील दरबारात आला. राजाला कसं काय विचारायची छाती त्या राज्यात कोणाची नव्हती, राणी गेली तेव्हाही झाली नव्हती. वकिलाला बिचाऱ्याला रीत ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "महाराज, कन्या सासरी गेली. कसं काय?"

राजा म्हणाला, "बरं आहे."

"टप्," भिवराबाईच्या खांद्यावरून साळुंकी म्हणाली आणि राजाचं पाऊल दगडाचं झालं.

एकच धावपळ उडाली. प्रधान पळत खजिन्याशी गेला. खजिन्याच्या दाराला दाढीवाल्या तोंडाचं पितळी कुलूप होतं, गुंगनाथानं स्वतः घातलेलं. ते शंभर वर्षांत प्रथमच बोललं. "राजाचा मणी आत पडला. वराची दुसरी बाजू ती हीच, आता राजा दगड होणार. आज गुडघे, उद्या कंबर. परवा सूर्य मावळताना छाती."

"यावर उतारा काय?" प्रधानानं विचारलं.

"हे तीन मणी घे," कुलूप म्हणालं आणि त्यानं तोंडातून तीन निळे मणी बाहेर टाकले. "ज्याचा मणी त्याच्या हाती द्यायचा. मालक जवळ असला की मणी ऊन लागेल. मालकानं आपणहून खरं सांगितलं की मण्याचं पाणी होईल. तिन्हींचं पाणी झालं की खजिना सुटेल. खजिना सुटला की राजा सुटेल."

दरबारात सोन्याच्या तबकात पैजेचा विडा मांडला गेला. जो उचलेल त्यानं कामगिरीवर जायचं. एरवी विड्यावर सरदारांच्या उड्या पडत. आज सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. एकजण तर म्हणाला, "महाराज, सांगा, वाघाच्या जबड्यात हात घालतो. पण भल्या माणसाच्या घरी जाऊन तुझं दुखतं कुठे म्हणून विचारायचं? आमच्या घराण्याला हे शोभत नाही."

घटका गेली, दुसरी गेली. विड्याचं पान कडेनं मलूल होऊ लागलं. ते भिवराबाईला बघवेना. तिनं राजाच्या दगडी पायाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि तरातरा पुढे होऊन विडा उचलून तोंडात घातला.

"माझ्या हातचा विडा आजवर सुकला नाही," ती म्हणाली, "आणि हा पाच वर्षांचा असल्यापासून मी याला ओळखते. मी जाते."

तिनं तिन्ही मणी कनवटीला लावले, पानाचा डबा काखेत मारला आणि साळुंकीला खांद्यावर घेऊन ती निघाली.

गाव पालथं घालता घालता पहिला मणी जुन्या सेनापतीच्या दारात ऊन झाला. शार्दूलराव सेनापतींनी तीस वर्षं राज्याच्या सीमा राखल्या होत्या. गेल्या दसऱ्याला त्यांची तलवार समारंभानं भिंतीवर टांगली आणि त्यांना शालजोडी देऊन घरी पाठवलं. भिवराबाईनं दारातूनच विचारलं, "काय सेनापती, कसं काय?"

"बरं आहे," ते म्हणाले.

"टप्," साळुंकी म्हणाली.

भिवराबाईनं कपाळावर हात मारला. मणी कमी करायला आलेली बाई एक वाढवून बसली. परत विचारावं तर परत तेच होणार. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिनं जे येत होतं ते केलं. ओसरीवर फतकल मारली, डबा उघडला, पानं पुसायला घेतली. शिरा काढल्या, देठ खुडले. सुपारी कातरू लागली. सेनापतीकडे तिनं पाहिलंच नाही.

अडकित्त्याचा आवाज होत राहिला. थोड्या वेळानं शार्दूलराव आपणच म्हणाले, "पहाटे जाग येते, भिवराबाई. कमरपट्टा बांधतो. मग आठवतं, जायचं कुठे नाही. सोडून ठेवतो."

भिवराबाई म्हणाली, "हं." आणि चुना लावला.

"स्वयंपाकघरात गेलो. मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. ही रागावली. हिचं बरोबर आहे. पण तीस वर्षं हजारो माणसं माझ्या शब्दावर उभी राहायची, आणि आता घरात मी उभं कुठे राहायचं ते मला कळत नाही."

भिवराबाईनं विडा आणि मणी दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवले. मण्याचं पाणी झालं आणि बोटांतून ओघळलं. आतल्या दारात त्यांच्या पत्नी अंबूताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच परक्या माणसासमोर नवऱ्याच्या शेजारी बसल्या. "मला वाटलं माझ्यावर राग काढताय," त्या म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तू कसं काय विचारायचीस," सेनापती म्हणाले, "आणि मी बरं आहे म्हणायचो."

दुसऱ्या दिवशी राजा कमरेपर्यंत दगड झाला होता. दुसरा मणी ऊन झाला तो विणकरांच्या आळीत, एका तोरण लावलेल्या घरापाशी. आत सगुणा नावाची तरणी पोर बाळंतीण झाली होती. पहिलाच मुलगा. तिची सासू तानाक्का दारातच म्हणाली, "या, या. सगळं बरं आहे हो. बाळ बरं, बाळंतीण बरी."

"टप्," साळुंकी म्हणाली. भिवराबाईनं तानाक्काकडे जरा निरखून पाहिलं. ती बाजेशेजारी बसली आणि ओवा-बडीशेप घालून बाळंतिणीचा विडा करू लागली. शिरा काढल्या, देठ खुडले. सगुणा छताकडे पाहत पडली होती. पाळण्यातलं बाळ चुळबुळ करत होतं.

पुष्कळ वेळानं सगुणा हळूच म्हणाली, "आजी, मी वाईट आहे का हो? सगळे हसतायत. पेढे वाटतायत. आणि मला नुसतं रडू येतंय. याच्याकडे बघते नि वाटतं, हा कोणाचा? आई व्हावं म्हणून मीच नवस केला होता."

असं त्या राज्यात कोणी कधी बोललं नव्हतं. भिवराबाईनं मणी तिच्या मुठीत दिला. मुठीतून पाणी गळालं. पण दारात उभी असलेली तानाक्काच मटकन खाली बसली.

"मलाही येत होतं," ती म्हणाली. "हिचा नवरा झाला तेव्हा. महिनाभर. मला वाटलं जगात मी एकटीच अशी. तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही गं." मग तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "तू रड. मी बाळाला बघते. आणि उद्या वैद्यबाईंनाही विचारू. रडू थांबेपर्यंत मी इथेच आहे."

भिवराबाईनं आणखी एक विडा केला आणि तानाक्काला दिला. घरोघरी मातीच्या चुली असतात हे ती जन्मभर ऐकत आली होती, पण चुलीपाशी बसल्याशिवाय धूर डोळ्यांत जात नाही, हे तिला आज कळलं.

तिसऱ्या दिवशी ती उजाडताच निघाली. तिसरा मणी विचित्र होता. पहिले दोन थंड असायचे आणि मालकाच्या दारात ऊन व्हायचे. हा पहिल्यापासून कोमटच. कनवटीला राहून राहून अंगाची ऊब लागली असेल, असं तिला वाटलं. ती कुंभारवाड्यात गेली, घाटावर गेली, वेशीबाहेरच्या मठात गेली. मणी ना वाढे ना घटे. दुपार कलली. पाय भरून आले. शेवटी रिकाम्या हातानं ती राजवाड्यात परतली.

राजा सिंहासनावर होता. दगड पोटाच्या वर चढला होता. पश्चिमेच्या खिडकीत सूर्य टेकला होता. भिवराबाई पायरीशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला राजाच्या तोंडाकडे बघवेना. सवयीनं तिनं डबा उघडला. पान हातातून निसटलं. दुसरं घेतलं, तर चुना पदरावर सांडला.

राजा बघत होता. त्याला श्वास घ्यायला जड जात होतं. तो म्हणाला, "भिवराबाई, कसं काय?"

"बरं आहे, महाराज."

"टप्," साळुंकी म्हणाली.

भिवराबाईनं चमकून कनवटीला हात लावला. मणी निखाऱ्यासारखा पोळत होता.

तिनं तो सोडवून मुठीत घेतला. जगाला बोलतं करत तीन दिवस हिंडली, आणि आपला मणी आपल्याच कमरेला बांधून हिंडली. तिनं राजाकडे पाहिलं. सूर्याची कड राहिली होती. लोकांचं ऐकायला तिला काही वाटलं नव्हतं, पण आता स्वतःचं सांगताना जीभ जड झाली.

"हात कापतात, महाराज," ती म्हणाली. "वर्ष झालं. सकाळी जास्त कापतात. आधी विडे घरी लावून, वाईट झालेले टाकून देते, चांगले तेवढे आणते. तुम्हाला कळलं तर दुसरी ठेवाल, म्हणून भीती वाटते. विडे लावणं सोडलं तर मी कोण? घरी कोणी नाही. बहीण होती, ती माघात गेली. तिच्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी बरं आहे म्हटलं असतं."

मण्याचं पाणी झालं. तिकडे पितळी कुलूप एकदा जांभई देऊन आपोआप गळून पडलं आणि दार उघडलं. आतल्या साऱ्या मण्यांचं पाणी झालं होतं. चार पिढ्यांचं ते पाणी वाड्याच्या चौकातून वाहत दरबारात आलं, सिंहासनाच्या पायऱ्या चढलं आणि राजाच्या पायांना लागलं. ते कोमट होतं. त्यात दगड ओल्या मातीसारखा विरघळू लागला.

राजाला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलू लागला. "कमलजेचा पाट अजून माझ्या ताटाशेजारी मांडतात, भिवराबाई. मी उचला म्हणत नाही. उचलला तर ती गेलीच असं वाटतं. ती सुखात आहे. मी सुखात नाही. हे सांगायला लाज वाटते." एवढं बोलून राजा भर दरबारात रडला, आणि एकाही सरदाराला ते अशोभनीय वाटलं नाही. त्यातले निम्मे स्वतःच डोळे पुसत होते.

सूर्य मावळला तेव्हा राजा आपल्या पायांवर उभा होता.

खजिना रिता झाला, पण राज्य काही बुडालं नाही. शेतं पिकत होती, माग चालत होते. एक नवी रीत मात्र पडली. कोणाला कसं काय विचारायचं असेल, तर आधी त्याच्याशेजारी बसायचं, हाताला काही काम घ्यायचं आणि मग विचारायचं. उभ्या उभ्या विचारणं गावंढळपणा ठरला. शार्दूलराव पहाटे कमरपट्टा बांधून आता नदीवर पोरांना पोहायला शिकवतात. साळुंकी राजाच्या महालात परत गेली, आणि ती जेवलात का म्हणाली की राजा कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो, कधी डोळे पुसतो आणि मग जेवतो.

आणि भिवराबाई? तिचे हात कापतातच. म्हातारपण काही मंत्रानं जात नाही. ती आता पायरीवर बसून सांगते आणि दोन नव्या मुली विडे लावतात. पहिल्या दिवशी मात्र पहिला विडा राजानं स्वतः लावला. शिरा काढता काढता पान फाडलं, लवंग तिरकी टोचली, आणि मोठ्या कौतुकानं तिच्यापुढे धरला. भिवराबाईनं तो तोंडात घातला. सगळा दरबार पाहत होता.

"कसा झालाय?" राजानं विचारलं.

तिनं जरा वेळ चघळला.

"चुना जास्त झालाय," भिवराबाई म्हणाली.

साळुंकी गप्प होती.

असं हे त्या राज्याचं झालं, तसं तुमचंही पाणी वाहतं राहो.