डाव्या हाताची पूजा

काल रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी लेकीला, जुईला, आडखोलच्या देवराईत न्यायचं होतं, आणि तिथे धाकू गुरव आल्यागेल्याला जी कथा सांगतात, तीत रक्त फार आहे. बालमानसशास्त्राचं एक पुस्तक मी अर्धं वाचलंय. काळजी कशाची करायची ते कळलं, उपाय बहुधा उरलेल्या अर्ध्यात असावेत. "सहा वर्षांची आहे ती. कार्टूनमध्ये रोज मारामाऱ्याच बघते," म्हणून नवरा कूस बदलून झोपला.

राईच्या तोंडाशीच धाकूआजोबांनी अडवलं. "चपला हयच काढा, सूनबाई."

आत भरदुपारीही अंधारल्यासारखं असतं. देवी म्हणजे एक काळी शिळा, अंगावर एकही फूल नाही. आजोबांनी उजवा हात पाठीमागे कमरेला बांधून घेतला आणि डाव्या हातानं पाणी घातलं.

"डाव्या हाताने पूजा?" जुई.

"बस, सांगतंय," आजोबा म्हणाले. ते सांगत गेले आणि मी दर वाक्याला जुईकडे बघत राहिले.

फार पूर्वी, असे सांगतात, इथल्या खोताला गलबतांसाठी लाकूड हवं होतं. राई तुटली की उताराची जमीन नाचणीला मिळणार, म्हणून गावही खूश. देवीचा कौल तेवढा हवा होता. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावंच. तेव्हा खोताच्या सांगण्यावरून गुरवानं फूल फक्त उजव्या खांद्यावर लावलं. ते पडलं, आणि गावानं ढोल वाजवले.

गुरवाची बायको आवडाई तिथेच उभी होती. "देवीचं तोंड दाबलंत!" म्हणत तिनं कुणाच्या तरी हातातली कुऱ्हाड हिसकली आणि नवऱ्याच्या उजव्या मनगटावर घातली. तुटलेला हात देवीपुढे पडला. बोटं क्षणभर हलत होती म्हणे. मग गावानं तिला झऱ्याकाठी दगडांनी ठेचलं. तिचं रक्त धुऊन जायच्या आत ऐन, किंजळ असे जुने वृक्ष कोसळायला लागले होते.

श्रावणात तोडलेल्या बाजूचा डोंगर खाली आला. घरं चिरडली. चिखलातून गुरं आली, पाळणे आले. खोत सापडला तो त्याच्याच ओंडक्यांखाली, डोकं नसलेला. राईचा जो भाग तुटायचा राहिला होता, त्याखालच्या घरांचं कौलही हललं नाही. थोटा गुरव उरलेल्या हातानं चिखल उपसत राहिला. नखं निघाली तरी थांबला नाही. शेवटी हाती लागलं ते त्याचं स्वतःचं पोर, थंडगार.

तेव्हा त्यानं शपथ घेतली, असे सांगतात. ज्या हातानं देवीला फसवलं, तो हात आपल्या कुळात या राईत पुन्हा चालणार नाही. देवीला फूल नाही, प्रश्न नाही. त्या उघड्या उतारावर कुणी नांगर घातला नाही, कुणी रोपही लावलं नाही. रानाचं रानानं परत घेतलं.

आजही आडखोलचा गुरव इथे डाव्या हातानंच पूजा करतो. आजही राई तोडावी का, हे इथे कुणाला विचारता येत नाही. देवीलासुद्धा नाही.

आजोबा थांबले. जुईचे डोळे मोठे, पाय आवळून बसलेली. झालं, आता रात्री दचकून उठणार, रान म्हटलं की रडणार, आणि दोष माझा. मी तिला जवळ ओढलं. 'ही फार जुनी गोष्ट आहे, बाळा,' हे वाक्य तयारच होतं. तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली.

"आई, मला शू लागलीये. पण इथे नाही हं. मी धरून ठेवते, तू मला बाहेर ने."