राजाला टोचलेलं कुसळ

छबे, भावाला चिमटे काढणं बंद कर, नाहीतर गोष्ट राहील माझ्या पोटातच.

हां. तर एका राजाच्या तळपायात गेलं कुसळ. माळावरच्या गवताच्या बीला टोचरी शेपटी असते ना, तेच. एवढंसं कुसळ, पण राजानं महाल डोक्यावर घेतला! म्हणाला, "माळावर गवताची काडी दिसता कामा नये." झालं. माळ नांगरला, गवत मुळासकट जाळलं.

मग काय? वारा सुटला की धूळ, पाऊस आला की माती ओढ्यात. तित्तर उडून गेले. त्या माळावर ठकूबाई धनगरीण राहायची. तिची मेंढरं उपाशी मरायला लागली. ती तडक महालात गेली. "महाराज, पायातलं कुसळ निघतं हो. माझ्या मेंढरांच्या पोटातली भूक कशी काढू?"

राजा ओशाळला. मेला अगदीच वाईट नव्हता, बरं का.

मग त्यानं माळावर बागेतलं मऊ गवत लावलं. उन्हाळ्यात ते करपून गेलं. मग लांबच्या मुलखातून माळगवताचं होतं नव्हतं तेवढं बी आणलं. पण दरबारी लोक भारी शहाणे! राजाला पुन्हा टोचायला नको म्हणून त्यांनी शेपट्या खुडल्या, सुपात पाखडलं, मग पेरलं. ते बी राहिलं वरच्यावर. निम्मं मुंग्यांनी नेलं, निम्मं वाऱ्यानं. आता बी कुठंच उरलं नाही.

ठकूबाई मुलूख सोडून निघाली. जाताना माळावर टेकली. अंगावर नवऱ्याची घोंगडी होती. तिचा नवरा धुळा वारून वर्ष झालं होतं, पण घोंगडीला अजून त्याचा वास होता. तिनं हात फिरवला, तर टोचलं! लोकरीत जुनी कुसळं अडकलेली, बियांसकट.

तेवढ्यात माळ बोलला. माळाला तोंड कुठंय म्हणू नका, बोलला! "ठकू, घोंगडी मला दे. ओढून काढशील तर शेपट्या तुटतील. शेपटीच बी माझ्या पोटात नेते गं."

ठकूबाई खूप रडली. मग तिनं घोंगडी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले आणि मुलूख सोडायचा बेत टाकून कुडकुडत आपल्या पालात परतली.

पावसाचा शिडकावा झाला. भिजलेल्या शेपट्या सुताराच्या गिरमिटासारख्या फिरल्या आणि बी मातीत शिरलं. घोंगडी कुजली, आणि तेवढ्याच जागेत, घोंगडीएवढंच, हिरवं गवत उगवलं.

ते पाहून राजानं दवंडी पिटवली, "बी झडल्याशिवाय कुणी विळा लावायचा नाही." दरसाल गवत थोडं थोडं सरकलं. माळ भरला. तित्तर आले, मेंढरं धष्टपुष्ट झाली.

एकदा राजा अनवाणी माळावर आला. पुन्हा टोचलं! या वेळी तो खाली बसला, कुसळ अलगद काढलं आणि उघड्या मातीत खोचलं.

ठकूबाईनं नवी घोंगडी विणून घेतली. तिच्यातही कुसळं अडकली. तिनं एकही काढलं नाही.

माळ निजला, मेंढरं निजली. मिटा डोळे. आणि गोधडीत काही टोचलं, तर ओरडू नका रे.