मेंढ्या नको म्हणणारे गाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नाव आता कोणालाच आठवत नाही. मुलूख कोरडा होता. वर्षाला चार सरी पडल्या तरी लोक म्हणत, "यंदा बरा झाला."

अशा मुलखातही करडई मात्र येई. पावसाळा सरता सरता ती पेरायची. पुढे सगळी थंडी ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढी. घरोघरच्या भाकरीवर पडे ते तिचेच तेल.

आणि ती ओल जमिनीत टिके, ती मेंढ्यांमुळे. करडई निघून रान मोकळे झाले, की चैत्रात एक धनगर कळप घेऊन येई आणि प्रत्येक शेतात पाच-पाच मुक्काम मेंढ्या बसवी. लेंड्यांनी माती भुसभुशीत होई, पाणी धरून ठेवी. गाव त्याला ज्वारी देई आणि गाडगेभर तेल देई. कितीतरी पिढ्या असेच चालले होते.

त्या गावात एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहत. माळाच्या उतारावर त्यांचे एकच शेत होते. ते पिकले तरच दोघे जेवत.

एका वर्षी लांबच्या देशातून एक सौदागर आला. त्याच्या पोत्यात पांढरी भुकटी होती. "पिकाला मूठ-मूठ टाका आणि मजा बघा," तो म्हणाला.

मुलाने टाकली. त्या साली पाऊसही बरा झाला. करडई छातीला लागली, दाणा दुप्पट निघाला. बघायला सगळे गाव लोटले, आणि घरी जाताना प्रत्येकाने भुकटी नेली.

चैत्रात धनगर आला, तेव्हा मुलगा पारावर बसला होता.

"मामा, कळप पुढं न्या," तो म्हणाला. "आमच्या रानात आता लेंड्या नकोत."

"का रं बाबा? माझ्या मेंढरांनी काय पाप केलं?"

"पाप नाही केलं, नुसता वास केला!"

पारावरचे सगळे खो-खो हसले. धनगर हसला नाही. "तुमच्या गावानं नको म्हटलं तर पुढचं रान तीन दिवसांवर हाय," तो म्हणाला. "मधी पाणी न्हाई."

म्हातारी घाईने पुढे आली. "अरे, बसू दे त्यांना. पिकाला भुकटी घालशील, पण जमिनीनं काय खायचं?"

"आई, पीक जमिनीतच येतं ना? मग एकाच ताटात दोनदा कशाला वाढायचं?"

"तू वाढत नाहीस रे. तू जमिनीला चाबूक मारतोयस."

पण गावानेही मुलाचीच री ओढली. "येतो आक्का," म्हणून धनगराने कळप वळवला.

दुसरे वर्ष कसेबसे गेले. तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. मुलाने भुकटी दुप्पट टाकली. करडई भराभर वाढली, आणि त्या वाढीच्या नादात तिने जमिनीतली होती-नव्हती ओल मार्गशीर्षातच पिऊन टाकली. फुले आली, पण दाणा भरायला पाणीच उरले नाही. माती विटेसारखी टणक झाली होती.

मुलाने बोंडे झोडपली आणि पोते तेल्याकडे नेले. तेल्याने चार दाणे दाताखाली धरले आणि थुंकून टाकले.

"दादा, हे घाण्यात नको. बैलापुढं टाक. तोही खाईल की नाही, शंकाच आहे."

सौदागर त्या वर्षीही भुकटी विकायला गावात आला होता. मुलगा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पाणी दिलं होतंस का?" सौदागराने विचारले.

"पाणी असतं तर करडई कशाला पेरली असती?"

"मग माझ्या भुकटीचा काय दोष?" असे म्हणून त्याने पोती गाडीत भरली आणि तो दुसऱ्या मुलखाला गेला.

आता मुलाला धनगर आठवला. सात दिवस पायपीट केल्यावर तो एका बाजारात सापडला. कोणाच्या तरी दारात बसून तो दोर वळत होता.

"मामा, चुकलो. कळप घेऊन चला."

"कुठला कळप?" धनगराने मान वर केली नाही. "तुमचं बघून पुढची गावंबी नको म्हणाली. निम्मी मेंढरं वाटंत पाण्यावाचून मेली. उरलेली मीच खाटकाला दिली."

"परत जमवा. ज्वारी दुप्पट देतो."

"ज्वारीपासनं मेंढरू व्हत न्हाई, बाबा. मेंढरापासनंच व्हतं."

मुलगा रिकाम्या हाताने परतला. म्हातारी डोक्यावरून पालापाचोळा वाहून शेतात टाकत होती. दिवसाला दोन टोपल्या.

"आई, अशानं किती वर्षं लागतील?"

"लागतील तेवढी. तोवर खायचं काय, ते सांग."

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारीने त्याच शेताच्या बांधावर प्राण सोडला. तिच्या हाडांत बांधापर्यंत पोचण्याइतकेच बळ उरले होते. मुलगा परमुलखात लोकांच्या घरी पाणी भरायला निघून गेला. मागोमाग एकेक घर उठले. ती शेते तिथेच आहेत, फुकट दिली तरी कोणी घेत नाही.

लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावे: जमिनीचे पोट भरणाऱ्याला जो हाकलतो, तो आपल्याच तोंडचा घास हाकलतो.