सात सडीचा तांदूळ

डोंगर उतरून खाली आलं की भातशेतीचं एक गाव लागायचं. त्या गावात एक कांडपीण राहत होती. कांडपीण म्हणजे उखळात भात कांडून तांदूळ करून देणारी बाई. तिच्या घरात माणसं सहा आणि मुसळंही सहाच. कोंबडा आरवायच्या आधी जो धप्‌ धप्‌ आवाज सुरू व्हायचा, तो दिवस मावळला की थांबायचा. इतका वेळ कसलं कांडत होते म्हणता? सांगते ना!

भाताची एक सड, म्हणजे कांडणाची एक फेरी, झाली की वरचं टरफल निघतं आणि तांबूस तांदूळ हाती येतो. गावातली बाकी माणसं तेवढ्यावरच भागवायची. पण या घराला नाव मिळालं होतं ते सात सडींसाठी. दुसऱ्या सडीला तांदळाचा तांबूसपणा झडायला लागायचा, तिसऱ्या-चौथ्या सडीला तांदूळ फिका पडायचा आणि सातव्या सडीनंतर असा पांढराशुभ्र दिसायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं. झडलेला सगळा कोंडा अंगणातल्या कोंबड्यांना जायचा आणि तांदूळ जायचा थेट राजवाड्यात.

त्या घराचा एक नेमही होता. सात सडी झाल्याशिवाय दाणा चुलीवर चढवायचा नाही. राजा खातो तेच आपण खायचं, यात कांडपिणीला केवढा अभिमान! बाकी जेवणाचं म्हणाल तर ताटात भात, मीठ आणि लोणच्याची फोड, बस्स. घरामागच्या परड्यात शेवगा पाल्याने लवलेला, विहिरीकाठी माठ गुडघाभर वाढलेला, शिंक्यावरच्या मडक्यात कुळीथ भरलेले. पण ते खुडणार कोण, भिजवणार कोण? "वेळ कुठे आहे बाई!" हे वाक्य त्या घरात दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं.

कांडपिणीची मुलगी शेवंती दहा वर्षांची. पूर्वी अंगणभर उड्या मारायची. त्या पावसाळ्यात तिचे पाय जड व्हायला लागले. मग चालताना ती भिंत धरू लागली. भाद्रपद उजाडेपर्यंत तर तिला उभंच राहवेना. कांडपिणीच्या जावेला धाप लागत होती, नवऱ्याच्या पायांना मुंग्या येत होत्या, पण ते सगळे म्हणायचे, कामाचा शीण आहे, होईल बरं.

एक दिवस शेवंती पायरीवर बसून जेवत होती. भाताचं एक शीत तिच्या पायाच्या अंगठ्यावर सांडलं. तुरेवाली तांबडी कोंबडी तुरुतुरु आली आणि तिने खाड्‌कन चोच मारली. अंगठ्यातून रक्त आलं. शेवंती मात्र आपली शांतपणे जेवतच होती.

"अगं, लागलं ना तुला?" कांडपीण धावत आली.

"कुठे लागलं?" शेवंतीने विचारलं.

कांडपिणीच्या हातातली सुपली खाली पडली. पोरीच्या पायांना काही कळतच नव्हतं.

आता आईच्या जिवाने काय करावं? तिला जे सर्वांत चांगलं करता येत होतं, तेच तिने केलं. शेवंतीसाठी ती वेगळा तांदूळ कांडायला बसली. आठ सडी, नऊ सडी, दहा सडी! हाताला फोड आले तरी थांबली नाही. "माझ्या लेकीच्या पोटात मळाचा कणसुद्धा जायला नको," असं म्हणत तिने तो दहा सडीचा भात तिला रोज आपल्या हाताने भरवला. आणि पोरीचे पाय आणखी आणखी गार पडत गेले. वेडी माया हो, दुसरं काय म्हणायचं!

मग नवरात्र आलं. त्या गावात घट बसवायची रीत अशी, की परडीत ओली माती भरायची, त्यात धान्य पेरायचं आणि मधोमध घट ठेवायचा. नऊ दिवसांत धान्य उगवून हिरवंगार होतं, त्याला रुजवण म्हणतात. गावात सगळे टरफलासकट भात पेरत. पण कांडपीण मनात म्हणाली, 'देवीला टरफलं कशाला? पोरीसाठी मागणं मागायचंय, तर देवीला आपलं सर्वांत चांगलं द्यावं.' आणि तिने पेरला दहा सडीचा पांढराशुभ्र तांदूळ!

घरातल्या लेकीनेही एक मूठ पेरायची असते. शेवंतीला उठून तांदूळ आणता येईना. तिच्या मांडीवर सुपात निवडायला दिलेला एक सडीचा तांबूस तांदूळ होता. आईची पाठ वळलेली बघून तिने त्यातलीच एक मूठ परडीच्या कडेला टाकली, वर माती लोटली आणि गप्प बसली. अर्धवट कांडलेलं धान्य देवीला वाहिलं म्हणून आई रागावेल, अशी तिला भीती वाटत होती.

दोन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी परडीतून आंबूस वास यायला लागला. घराघरांतून रुजवण वर आलं होतं, इथे मात्र तांदळाचा चिखल झाला होता. कांडपीण रोज पाणी शिंपडायची, हात जोडायची, डोळे पुसायची. देवी आपल्यावर कोपली, असं तिला वाटत होतं. भीतीने ती परडीकडे नीट बघतही नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी शेवंतीने हाक मारली. "आई, इकडे ये गं. रागावू नकोस पण बघ."

परडीच्या कडेला, मूठभर जागेत, वीतभर उंचीचं हिरवंगार रुजवण उभं होतं. प्रत्येक पात्याच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब होता. बाकी सगळी परडी कुजलेली आणि तेवढीच कड हिरवी!  कांडपीण हात जोडून तिथेच खाली बसली.

"इथे काय पेरलं होतंस गं?"

शेवंतीने मान खाली घालून खरं ते सांगितलं.

कांडपिणीने एक रोप हलकेच मुळासकट उपटलं आणि उजेडात धरलं. खाली तांबूस दाणा अजून तसाच होता. त्याच्या एका टोकाला, तिळाच्या कणाएवढ्या जागेतून, वरती हिरवं पातं निघालं होतं आणि खाली पांढरी मुळं. इतकीशी जागा! नखावर घेतली तर दिसायची नाही. आणि तिच्या आत पातं, मूळ, पुढची ओंबी, अख्खं शेत निजलेलं होतं.

ती उठली आणि कणगीतून सात सडीचा एक दाणा घेऊन आली. त्याच टोकाला तिला एक बारीक खड्डा दिसला. दुसरा दाणा घेतला, त्यालाही खड्डा. तिसरा, दहावा, पन्नासावा... एकही दाणा त्याला अपवाद नव्हता. हा खड्डा ती लहानपणापासून रोज बघत आली होती. तिथे आधी काय होतं, हे मात्र तिने कधी विचारलंच नव्हतं.

"अगं बाई, मी रोज दाण्याचा जीव काढून टाकत होते की काय!" ती पुटपुटली.

मग तो सगळा जीव जात होता कुठे? तिने अंगणात पाहिलं. कोंड्याच्या ढिगावर तांबडी कोंबडी ऐटीत उभी होती. तुरा लालभडक, पिसं चकचकीत आणि पायांत असा जोर की एका उडीत कुंपणावर! कांडपिणीला हसू आलं आणि रडूही आलं. घरातली सगळी ताकद कोंबड्या खात होत्या आणि माणसं भिंती धरून चालत होती.

तिने आत येऊन सांगितलं, "आजपासून या घरात एक सडीचा भात शिजेल."

नवरा दचकला. "काय बोलतेस! दिवाळीला राजवाड्याचे दिवाणजी तांदूळ न्यायला यायचेत, इथे जेवायचेत. त्यांच्या पानात कोंडा वाढणार? राजवाड्याचं काम हातचं जाईल!"

"जाऊ दे गेलं तर," कांडपीण म्हणाली. "माझ्या पोरीचे पाय आधी, राजवाडा नंतर."

तिने मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. त्याबरोबर एक गंमत झाली. घरचा तांदूळ एका सडीत झाला आणि राजवाड्याचं कांडण दिवाणजी येईपर्यंत तिने बाजूला ठेवलं. दुपारी सगळी माणसं रिकामी! हातांचं काय करायचं, हेच कुणाला कळेना. मग जाऊ परड्यात गेली आणि शेवग्याचा पाला ओरबाडून आली. नवऱ्याने विहिरीवरून येताना माठाची भाजी खुडून आणली. कुळीथ भिजत पडले. इतकी वर्षं "वेळ कुठे आहे" म्हणत होते, तो वेळ सहा सडींखाली दडलेला होता, बघा!

पहिल्या दिवशी भात कुणाला गिळेना. जाड लागतो, चावावा लागतो, अशी कुरकुर झाली. कांडपीण म्हणाली, "दात कशाला दिलेत देवाने?" चार-आठ दिवसांत त्या भाताची गोडी कळायला लागली. जावेची धाप कमी झाली. शेवंती भिंत धरून उभी राहायला लागली. पण पाय अजून मुकेच होते. कांडपीण रोज तिच्या तळव्याला हात लावून विचारायची, "कळतंय?" आणि शेवंती मान हलवायची, "नाही."

दिवाळीच्या आदल्या दिवशी दिवाणजी आले. पडवीत पाट मांडला. पान वाढलं. तांबूस भात, कुळथाचं पिठलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. दिवाणजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कांडपीणबाई, हे काय? राजवाड्याच्या माणसाला कोंबड्यांचं खाणं?"

कांडपीण काही बोलणार, इतक्यात पायरीवरून किंकाळी आली.

"आई गं! मेले! चावली गं मला!"

तांबडी कोंबडी शेवंतीच्या अंगठ्यावरचं शीत टिपून पळत होती. आणि शेवंती? ती एक पाय हातात धरून दुसऱ्या पायावर नाचत होती!

कांडपिणीने हातातला वाढायचा डाव खाली टाकला आणि धावत जाऊन लेकीला कवटाळलं. "लागलं? खरंच लागलं? खूप लागलं ना गं?" ती विचारत होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जाऊ हसत होती, नवरा हसत होता. पोर कळवळतेय आणि घर हसतंय, हा काय प्रकार, दिवाणजींना काही उमगेना. तेव्हा कांडपिणीने त्यांना जपून ठेवलेली ती परडी दाखवली, खड्डा पडलेला दाणा दाखवला आणि सगळी हकिकत सांगितली.

 दिवाणजींनी पाटावरूनच हळूच पाय पुढे केला आणि म्हणाले, "शेवंती, माझ्याही अंगठ्यावर एक शीत ठेव बघू."

शेवंतीने शीत ठेवलं. कोंबडी आली. तिने खाड्‌कन चोच मारली.

दिवाणजींनी खाली वाकून पाहिलं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. त्यांना काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. 

दिवाणजींनी पान पुढे ओढलं आणि तांबूस भाताचा पहिला घास घेतला. तो चावून चावून खाल्ला, मग म्हणाले, "बाई, यंदा राजवाड्याला एक सडीचाच तांदूळ द्या. आणि तुमची ही कोंबडीही चार दिवस उसनी द्या. महाराजांनाही दाखवायचं आहे."

तात्पर्य: दिसायला पांढरं करण्याच्या नादात आपण अन्नाचा जीवच झाडून टाकतो. साधं, थोडकं कांडलेलं अन्न आणि परड्यातला पाला, एवढ्यातच अंगाचं बळही असतं आणि घाईच्या घराला हवा असलेला वेळही.