धुक्याचा तट आणि न लिहिलेले वाक्य

एका राज्यात करार करण्याची एक जुनी रीत होती. राज्य डोंगरांच्या कुशीत होते, राजाचे नाव धैर्यसेन होते आणि ही रीत त्याच्या पणजोबांच्याही आधीपासून चालत आली होती. काम कोणते, मोबदला काय, मुदत किती, हे सारे नंतर. आधी दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसावे, मध्ये काशाच्या वाडग्यात पाणी ठेवावे, त्यात एकेक बोट बुडवावे आणि दोघांचीही ज्यावर मनापासून श्रद्धा आहे असे एक वाक्य उच्चारावे. त्याला आरंभवाक्य म्हणत. वाक्य दोघांना खरे वाटत असेल तर पाणी नितळ राही. ज्याला ते मनापासून पटलेले नसे त्याच्या बाजूचे पाणी गढूळ होई. मग उठावे आणि दुसरे वाक्य शोधावे.

नावाडी आणि व्यापारी यांच्या करारावर लिहिलेले असे, 'बुडत्याला जात विचारू नये.' सुईण आणि घरधनी यांच्या करारावर असे, 'मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी आई कशी आहे ते विचारावे.' पुढे कलमांवरून भांडण झाले, तर न्यायाधीश प्रथम आरंभवाक्य वाचत आणि त्याच्या उजेडात कलमांचा अर्थ लावीत. निम्मी भांडणे तेथेच मिटत.

ही रीत एकदाच मोडली गेली, आणि ती राजाच्याच हातून.

त्या वर्षी राजकन्या कनकवल्ली लग्न होऊन दूरच्या राज्यात गेली होती. तिची पाठ वळते न वळते तोच उत्तरेकडून लुटारू घोडेस्वारांची धाड आली. राजाने सीमेवर जाऊन धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला बोलावणे धाडले. मांत्रिकाचे केस धुराचे होते आणि वारा सुटला की ते विस्कटून आभाळभर होत.

"राज्याभोवती तट उभा करून दे," राजा म्हणाला.

"करतो. वाडगा कोठे आहे?"

"शत्रू टेकडीपलीकडे आला आहे आणि तू वाडगा विचारतोस? राजा आणि मांत्रिक यांची समान श्रद्धा ती कोणती असणार? आधी तट उभा राहू दे. वाक्य मागाहून लिहू."

ताम्रपटावर वरची ओळ कोरी राहिली. तिच्याखाली कलम कोरले गेले, 'बाहेरून कोणीही आत येऊ नये.' धूम्रकेशाने केसांतून हात फिरवला, धुक्याचा तट आभाळापर्यंत चढला आणि घोडेस्वार आल्या वाटेने परत गेले. काम चोख झाले. परंतु मांत्रिक स्वतः तटाबाहेर राहिला होता. करार बदलायचा तर राजाने बाहेर जायला हवे, आणि बाहेर गेलेल्या राजाला आत येता येणार नव्हते. मागाहून लिहायचे वाक्य तसेच राहून गेले.

पहिल्या माहेरपणाला कनकवल्ली आली, ती धुक्याला थडकली.

धुके मऊ होते, तरी हात पलीकडे जात नव्हता. आतून बाहेर सारे येत असे. चुलींचा धूर येई, देवळातली घंटा ऐकू येई, शेतातल्या गाण्याचे सूर येत. बाहेरून आत काहीच जात नसे, हाकही नाही. रोज दिवस कलताना वृद्ध राजा तटाच्या आतल्या अंगाला येऊन उभा राही आणि विचारी, "कनके, आलीस का ग?" ती धुक्याला ओठ लावून उत्तर देई. उत्तर धुक्यात शिरे आणि जिरून जाई. थोडा वेळ वाट पाहून राजा पुन्हा विचारी. मग काठीचा आवाज दूर दूर जाई.

सासरी तिला काही उणे नव्हते. पती सुस्वभावी होता, त्याने तटाजवळ तिच्यासाठी राहुटी उभारून दिली. तेथे ती एकटी नव्हती. राज्यातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या कितीतरी बायका तटाशी येऊन बसत. प्रत्येकीला आपल्या घरचा धूर वासावरून ओळखू येई. त्यांत गोमती नावाची एक कुंभारीण होती, वयाने सर्वांत थोरली आणि जिभेने सर्वांत तिखट.

"राजाच्या लेकीलाही आमच्यासारखेच तटाबाहेर बसावे लागते, हे बघून जीव थंड होतो हो," ती म्हणे आणि आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी कनकवल्लीच्या हातावर ठेवी.

वर्षे सरत गेली. राजाची हाक क्षीण होत चालली. एके दिवशी ती अर्धीच आली. "कनके..." आणि पुढे नुसता श्वास.

तटाच्या माथ्यावर एक खंड्या पक्षी बसलेला असे. तट उभा राहिला तेव्हा तो वरून उडत होता, म्हणून तो ना आतला राहिला ना बाहेरचा. तो खाली पाहून म्हणाला, "राजकन्ये, या हाकेला आता फार दिवस नाहीत. मी आत पाहतो म्हणून सांगतो."

"मी काय करू?"

"रडून धुके विरघळत असते, तर या बायकांनी केव्हाच नदी केली असती. तू राजाची वारस आहेस. त्याच्या जागी बसून आरंभवाक्य लिहिण्याचा अधिकार तुला आहे. धूम्रकेशाकडे जा. तीन वाक्ये म्हणू देईल. मात्र खोट्या वाक्याची किंमत घेतो, हे ध्यानात ठेव."

कनकवल्लीने गोमतीच्या हातून मातीचा वाडगा घेतला, कारण काशाचा कोणाजवळ नव्हता, आणि ती निघाली. बोलणारे दगड तिने ओलांडले, उलटी वाहणारी नदी उतरली आणि काळ्या डोंगरावरच्या एका दगडी घराशी पोहोचली. धूम्रकेश ताम्रपट पुसत बसला होता.

"तुमच्या तटामुळे लेकींची माहेरे तुटली," ती म्हणाली.

"तट कोठे फुटला आहे काय?"

"नाही."

"कोणी बाहेरचा आत शिरला काय?"

"नाही."

"मग माझ्या सेवेत उणे काय ते दाखव. लेकींविषयी मला कोणी काही सांगितले नव्हते. तुझ्या पित्याने मला काम सांगितले. कशासाठी, ते सांगितले नाही."

 तिने वाडगा पाण्याने भरून मध्ये ठेवला. दोघांनी बोटे बुडवली.

राजकन्येने ग्रंथ वाचलेले होते. त्यांतले सर्वांत थोर वाक्य तिने निवडले. "अखेरीस सत्याचाच विजय होतो."

मांत्रिकाच्या बाजूचे पाणी चिखलासारखे झाले. "मी पुष्कळ अखेरी पाहिल्या आहेत," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. कनकवल्लीची सावली जमिनीवरून सुटली आणि शालीसारखी घडी होऊन त्याच्या हाती गेली.

दुसऱ्या खेपेस तिने विचार केला, की याला पटेल असेच काही बोलावे. "लिहिलेला शब्द जसाच्या तसा पाळावा, यातच सेवेचा सारा धर्म आला."

मांत्रिकाच्या बाजूचे पाणी आरशासारखे राहिले. राजकन्येच्या बाजूचे गढूळ झाले.

"हे तू मला विकायला आणले होतेस," धूम्रकेश म्हणाला. "तुला स्वतःला ते नको आहे." तिच्या पावलांचा आवाज त्याने घेतला. ती उठून दोन पावले चालली, ती एखादे पीस जमिनीवरून सरकावे तशी.

"तिसऱ्या वाक्याची किंमत काय?"

"ते खोटे ठरले तर माहेरची आठवण देशील. पित्याचा आवाज, अंगण, सारे काही. भिऊ नकोस. आठवण गेली की दुःखही जाईल. तटाशी बसलेल्या कित्येक जणी हे आनंदाने देतील."

 कनकवल्लीला आपल्या राहुटीचे शांत दिवस दिसले, ज्यांत दिवस कलताना काहीच ऐकू येत नाही. क्षणभर ते तिला हवेसे वाटले, आणि तसे वाटले याचीच तिला भीती वाटली.

ती विचार करीत असताना ऊन उतरले. डोंगरावर बोचरा वारा सुटला. धूम्रकेश खोकत उठला. दार ओढून घेईल, असे तिला वाटले. त्याने ते सताड उघडले आणि अडसर भिंतीला टेकवून ठेवला. मग उंबऱ्याशी पणती लावली. वाऱ्याने ती विझली. त्याने पुन्हा लावली, आणि हाताचा आडोसा धरून तो तेथेच बसला. त्याचे धुराचे केस घरभर विस्कटले, खोकला वाढला, तरी दार उघडेच राहिले.

"आपणांस थंडी बाधते," ती म्हणाली. "दार का लावत नाही?"

"तिन्हीसांजेला दार लावू नये."

"कोणी यायचे आहे काय?"

"या डोंगरावर कोण येणार?" तो म्हणाला. पणतीला दुसऱ्या हाताचाही आडोसा करून त्याने पुढे सांगितले, "आई म्हणत असे. कोणीतरी घराकडे निघालेले असते, त्याला दार बंद दिसू नये. मी विद्या शिकायला गेलो. परतलो तेव्हा घर, गाव सारे तळ्याखाली गेले होते. पण सवय राहिली. त्याचा कराराशी संबंध नाही. तिसरे वाक्य बोल."

कनकवल्लीने वाडगा उंबऱ्याशी आणला आणि दोघांनी पाण्यात बोटे बुडवली.

"तिन्हीसांजेला दार लावू नये," ती म्हणाली. "कोणीतरी घराकडे निघालेले असते."

धूम्रकेशाचे बोट पाण्यातच होते. तो वाडग्याकडे पाहत राहिला. पाणी इतके नितळ झाले, की तळाशी गोमतीच्या बोटांचे ठसे दिसू लागले. ताम्रपटाच्या कोऱ्या ओळीवर अक्षरे आपोआप उमटली. सावली आपली आपण येऊन राजकन्येच्या पायाशी पसरली आणि तिच्या पावलांना आवाज आला.

"इतकी साधी गोष्ट करारात लिहीत नाहीत," मांत्रिक म्हणाला.

"लिहिली नाही, म्हणून तर हे झाले."

त्याने खालचे कलम पुन्हा वाचले. या वेळी त्याला वाचायला फार वेळ लागला. "या ओळीखाली असा तट उभा राहू शकत नाही," तो म्हणाला. "मी तो पाडतो."

"पाडू नका. लुटारू अजून आहेत. तटाला एक दार ठेवा."

"घरी येणारा कोण आणि लुटायला येणारा कोण, हे मी कसे ओळखावे?"

"ते मंत्राने कळायचे नाही. दाराशी माणूस बसवू. तो विचारील, कोणाच्या घरी जायचे आहे. त्या घरचे माणूस येऊन ओळखील."

तसे कलम कोरले गेले. निघताना ती म्हणाली, "आपणही चला. राज्यात आपणांस घर देऊ."

धूम्रकेशाने पणतीची वात पुढे सारली. "हे दार उघडे आहे. मी निघालो तर याच्याशी कोण बसेल?"

राजकन्येने वाकून नमस्कार केला.

ती तटाशी पोहोचली तेव्हा धुक्यात दार झालेले होते आणि दाराच्या आत धैर्यसेन राजा दोन सेवकांच्या आधाराने उभा होता. किती वर्षे काय काय बोलायचे तिने योजले होते. त्यांतले काहीच आठवेना.

"जेवलीस का?" राजाने विचारले.

"नाही, तात."

"मीही नाही." मग तो म्हणाला, "वाक्य कोणते निघाले?"

तिने सांगितले. राजाने ते हलकेच पुन्हा उच्चारले. "एवढेच? हे तर मलाही ठाऊक होते."

"त्यालाही ठाऊक होते, तात. दोघांनी एकमेकांना विचारले नाही."

 लेकीच्या खांद्यावर हात ठेवून राजा वळला, आणि राजकन्येच्या ओळखीवर तटाबाहेरच्या बायका त्या दोघांमागून आत येऊ लागल्या. कोणी धावत गेल्या, कोणी वाट चुकल्या, कारण झाडे वाढली होती. गोमती सर्वांत शेवटी आली. तिचे आईबाप तट असतानाच वारले होते, भाऊही गेला होता, हे खंड्याने तिला मागेच सांगितले होते. तरी ती कुंभारवाड्यापर्यंत चालत गेली आणि आपल्या घरापुढे उभी राहिली. हाक मारायला तिच्याजवळ नाव उरले नव्हते.

आतून तिच्या भावाची तरुण सून बाहेर आली. तिने गोमतीला कधी पाहिले नव्हते.

"कोण पाहिजे?"

"कोणी नको ग. मी या घरची लेक."

सुनेने पदर सावरला आणि दारातून बाजूला सरकली. "मग बाहेर का उभ्या, आत्याबाई? आत या."

गोमती आत गेली. त्या राज्यात त्या दिवसापासून कोणताही करार कोऱ्या ओळीने सुरू झाला नाही. ऐकणाऱ्यांच्या घरचे कोणी दूर असेल, तर त्यालाही वाट सापडो.